पावाचा पाव भाग

आस्टाचा आवाज गेला तो ड्रॅगनमुळे. सर्दी झालेली असताना तिने पाचवीच्या मुलांसमोर सलग दीड तास ड्रॅगन होऊन डरकाळ्या फोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याकडे कॉफी मागायला गेली तर घशातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी घशात उजेड पाडून पाहिलं आणि तीन आठवडे अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावून घरी पाठवलं.

लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरची ती शाळा लहानशी. पाचवीत मुलं नऊ. आस्टा त्यांना दर गुरुवारी शेवटचे दोन तास गोष्टीचा खेळ खेळवायची. आता सूत्रधारच मुका झाल्यावर खेळ चालणार कसा? मुख्याध्यापिका बोडिलने शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, आणि ती एगिलवर येऊन थांबली.

"एगिल, गुरुवारचे शेवटचे दोन तास तू मोकळा असतोस."

"मोकळा नसतो. वह्या तपासतो."

"वह्या पळून जात नाहीत. पाचवीची मुलं जातात."

एगिल ब्रिंकगोर चौतीस वर्षं गणित शिकवत होता. वह्या तो हिरव्या पेनाने तपासायचा, कारण लाल शाईला मुलं घाबरतात असं त्याने एकदा कुठेसं वाचलं होतं. आता त्याच्या शाळेतली मुलं हिरव्या शाईला घाबरत. माणूस वाईट नव्हता. फक्त एखाद्या प्रश्नाचं उत्तर आधी माहीत नसेल तर तो प्रश्नच विचारायचा नाही, अशी त्याला सवय होती.

आस्टाने त्याला खेळ समजावला तो एका छोट्या पांढऱ्या पाटीवर लिहून. प्रत्येक मूल कुणीतरी बनतं, कुणी योद्धा, कुणी चेटकीण. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो आणि विचारतो, आता तुम्ही काय करता? मुलं काहीही करू शकतात. जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. एवढंच.

"आणि उत्तरं कुठे दिलेली असतात?" एगिलने विचारलं.

आस्टाने पाटी पुसली आणि लिहिलं, "नसतात."



पहिल्या गुरुवारी तो टाय लावून आला. मुलांनी बाकं जोडून मोठं टेबल केलं होतं, मध्ये आस्टाने रंगवलेला नकाशा, भोवती फासे. आस्टा कोपऱ्यात पाटी मांडीवर घेऊन बसली. एगिलने खिशातून कागद काढला आणि विम्याच्या कंपनीचं पत्र वाचावं तसं वाचलं.

"तुमच्यासमोर दरवाजा आहे. दरवाजा तीन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद आहे. आता तुम्ही काय करता?"

मग साहरा म्हणाली, "वास कसला येतोय?"

"कशाला?"

"दरवाजाला."

एगिलने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. आस्टाने पाटी वर केली, "सांग काहीतरी."

"लाकडाचा," एगिल म्हणाला.

"मी तो चाटते," इल्वा म्हणाली.

"काय चाटतेस?"

"दरवाजा. माझी चेटकीण सगळं चाटूनच ओळखते."

चौतीस वर्षांत त्याच्या वर्गात कुणी काही चाटलं नव्हतं, निदान आधी सांगून तरी नाही. त्याने आस्टाकडे पाहिलं. पाटीवर एकच शब्द होता, "फासा". इल्वाने टाकला. तो टेबलावर गरगरला आणि वीसवर थांबला.

नऊच्या नऊ मुलांनी श्वास रोखला. वीस म्हणजे सगळ्यात मोठं दान. आता काहीतरी जबरदस्त व्हायला हवं होतं, आणि ते एगिलने सांगायला हवं होतं. त्याने टाय सैल केला.

"दरवाजाला," तो म्हणाला, "गुदगुल्या होतात."

"हं?"

"त्याला गुदगुल्या होतात. तो आधी कुरकुरतो. मग खुदकन हसतो. आणि हसता हसता उघडतो."

कुठून आलं हे, त्याचं त्यालाच कळलं नाही. मुलं मात्र टेबलावर हात आपटून हसली, आणि एगिलला एकदम आठ वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. उतारावर सायकलचे दोन्ही हात सोडले होते ना एकदा, अगदी तसं.

दरवाजापलीकडे दरी होती. येपेचा बुटका पहिला उडी मारायला निघाला. आस्टाच्या वहीत लिहिलं होतं की उडीला चौदा किंवा त्याहून जास्त हवेत. एगिलने ते सांगितलं.

"थांब येपे," साहरा म्हणाली. तिची चोरटी हिशेबी होती. "चौदा हवेत म्हणजे हे किती वाईट आहे?" तिने बोटं मोजली. "चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. सात. विसातले सातच चांगले. बाकीचे तेरा म्हणजे तू खाली."

"विसातले सात म्हणजे शंभरातले किती?" येपेचा चेहरा उतरला होता.

"वीस पाचे शंभर. मग सात पाचे पस्तीस," बर्ट्रम म्हणाला. त्याचा शूर सरदार कोंबड्यांना घाबरायचा, आणि बर्ट्रम स्वतः शेकडेवारीला. "पस्तीस टक्के. उडी मारू नकोस रे. दोरी बांधू. एगिल, दोरीचे किती मिळतात?"

"तीन," एगिल कसाबसा म्हणाला.

"मग अकरालाच जमतंय. अकरा ते वीस, दहा. अर्धं अर्धं." बर्ट्रमने हात झटकले. "आता ठीक आहे."

एगिल खुर्चीच्या कडेवर बसला होता. गेले पाच महिने तो या मुलांना टक्के शिकवत होता. रंगीत तक्ते लावले, सफरचंदं कापली, चौकटी रंगवायला दिल्या. पाच महिन्यांत जे डोक्यात शिरलं नाही ते एका बुटक्याचा जीव वाचवायला मिनिटभरात बाहेर आलं होतं, तेही न विचारता. त्याला उठून नाचावंसं वाटलं. टाय होता म्हणून तो बसून राहिला.

आणि इथेच त्याने घोळ घातला.

आठवडाभर त्याला दुसरं काही सुचेना. संध्याकाळी जेवणं झाली की टेबलावर कागद पसरून बसायचा. वीरांची गणितं, दऱ्यांची गणितं, दोरीची आणि बिनदोरीची गणितं. चोवीस प्रश्न तयार झाले, सोप्याकडून अवघडाकडे, प्रत्येकाखाली उत्तराला रेघ. दुसऱ्या गुरुवारी तो नऊ प्रती काढून, हात चोळत वर्गात शिरला.

मुलं आधीच जागेवर होती. फासे हातात, डोळे चमकत.

"आज मजा आहे," एगिल म्हणाला आणि कागद वाटले.

मुलांनी कागदाकडे पाहिलं. मग एगिलकडे पाहिलं, पाहुण्याने खोक्यातून खाऊऐवजी औषधाची बाटली काढावी तसं.

"आपण गुहेतच आहोत ना अजून?" येपेने विचारलं.

"आहोत. आधी हे सोडवा, मग गुहा."

"सगळे चोवीस?"

"सोपे आहेत. पहिला वाच. एका बुटक्याला सोळा किंवा जास्त हवे आहेत, तर..."

"माझ्या बुटक्याला काही नको," येपे म्हणाला. "माझा बुटका खाली बसतो."

"बरं, बसू दे."

"आणि मरतो."

एगिल थांबला. "कशाने?"

"कंटाळ्याने."

बाकीच्यांनी क्षणभर विचार केला. मग साहरा शांतपणे म्हणाली, "माझी चोरटी बुटक्याशेजारी आडवी होते. मरते." बर्ट्रमच्या सरदाराने तलवार नीट बाजूला ठेवली, शिरस्त्राण उशाला घेतलं आणि प्राण सोडला. इल्वाच्या चेटकिणीने आधी गुहेची फरशी चाटली, मग मेली. एकामागोमाग एक नऊ वीर गतप्राण झाले. मुलांनी टेबलावर डोकी टेकली, जिभा बाहेर काढल्या, आणि वर्गात स्मशानशांतता पसरली.

कोपऱ्यात आस्टा आवाज न करता हसत होती. डोळ्यांतून पाणी, खांदे गदगदा हलतायत, तोंडावर दोन्ही हात. पाटी मांडीवरून घसरून खाली पडली होती.

एगिलने नऊ कागद गोळा केले. राग आला नव्हता, लाज वाटली होती. आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही येत होतं, त्याचीच जास्त लाज वाटली.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. कारेन-लिस दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि दिवसभर घाबरलेल्या मुलांशी बोलायची.

"नऊच्या नऊ मेले?" ती म्हणाली.

"जिभा बाहेर काढून."

"तू त्या खेळात कोण असतोस?"

"मी सूत्रधार. मी सांगतो."

"म्हणजे ज्याला सगळं येतं तो." तिने बटाटे त्याच्याकडे सरकवले. "घरीही तोच असतोस. अरे, ज्याला सगळं येतं त्याच्याशी कोण खेळेल? ज्याला काही येत नाही असा कुणीतरी हो की एकदा."

एगिल जेवता जेवता थांबला. रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या तरी त्याचा काटा हवेतच होता.

तिसऱ्या गुरुवारी मुलं वर्गात आली तेव्हा दार बंद होतं. आस्टा बाहेर उभी होती, हातात पाटी, "मेलेल्यांनी रांगेत यावं." मुलांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. आत पडदे ओढलेले. टेबलं गायब. जमिनीवर व्यायामाच्या निळ्या गाद्या ओळीने अंथरल्या होत्या, ते पाणी. मधल्या गादीभोवती खडूची रेघ होती, ती बोट. आणि बोटीशेजारी कारेन-लिसचा जुना मेंढीच्या कातड्याचा कोट उलटा घालून, पारोसं तोंड करून, हातात बर्फ काढायचं फावडं घेऊन एक अवाढव्य प्राणी बसला होता. टाय नव्हता.

"मी ब्रुमले राक्षस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मेलेल्यांचा नावाडी. पलीकडे जिवंतांचा किनारा आहे. तिकडे जायचं तर माझ्याच बोटीतून. पण नियम आहेत."

येपेने इल्वाचा दंड धरला. "आपण खरंच मेलोय," तो खुशीत कुजबुजला. "त्याने आपलं मरण खरं धरलंय."

नियम फळ्यावर होते. बोट बारा जणांची. शांत पाण्यात १/२ भरावी. वादळात १/४.

"आज काय आहे?" साहराने विचारलं.

ब्रुमलेने नाक वर करून हुंगलं. "वादळ. म्हणजे आज जास्त माणसं न्यायची. चला, नऊही जण बसा."

"जास्त कशी?" बर्ट्रम म्हणाला.

"खाली चार लिहिलंय. शांत पाण्यात दोन. चार मोठे की दोन?"

"चार, पण..."

"मग चला, बसा. वादळात वेळ घालवू नये."

ते गंमत म्हणून बसले. ब्रुमलेने फावड्याने तीनदा वल्हवलं, मग गादीची कड धरून सगळ्यांना एका बाजूला कलंडवलं. "बुडाली," तो म्हणाला. "हे असंच होतं दरवेळी. का होतं काही कळत नाही. बोट वर काढायला मला शंभर वर्षं लागतात. बसा तोवर."

मुलं शंभर वर्षं बसली. येपेच्या बुटक्याची दाढी गुडघ्यापर्यंत आली. साहराने वेळ घालवायला सगळ्या मेलेल्यांचे खिसे कापले. शंभर वर्षांनी ब्रुमलेने पुन्हा हुंगलं, पुन्हा वादळ निघालं, पुन्हा "चार मोठे" म्हणाला, आणि पुन्हा नऊ जण गाद्यांवर लोळले.

दोनशे वर्षं झाल्यावर बर्ट्रम संतापला. "हा मठ्ठ आहे. याला शिकवल्याशिवाय आपण जिवंत होत नाही."

"मला शिकवणार?" ब्रुमले म्हणाला. "मेलेल्यांच्या बोलण्यावर मी काय भरवसा ठेवायचा?"

सगळे एकदम बोलायला लागले. साहराने फळ्यावर बोट काढली, बारा चौकोन, मग त्याचे भाग. ब्रुमले म्हणाला, चित्रातली बोट बुडत नाही, त्यामुळे तिचा उपयोग नाही. येपे म्हणाला, माझं ऐक नाहीतर दाढीने गळा आवळीन. ब्रुमले म्हणाला, आवळ, मग वल्हवणार कोण? बर्ट्रमने डोक्याला हात लावला. कोटाच्या आत एगिलला घाम फुटला होता आणि इतका आनंद झाला होता की तो दाबून ठेवणंच कठीण झालं होतं.

इल्वा एवढा वेळ काही बोलली नव्हती. गणित निघालं की ती नेहमीच गप्प बसायची. मी गणितात ढ आहे, हे ती कुरकुर न करता सांगायची, केस लाल आहेत सांगावं तसं. आता ती उठली, दप्तरापाशी गेली आणि जेवणाचा डबा घेऊन आली. डब्यात काळ्या पावाची एक जाड कापी उरली होती, वर कलेजीचा लेप आणि काकडी.

"ब्रुमले, भूक लागलीय?"

"दोनशे वर्षांची."

तिने पट्टीने पावाचे दोन भाग केले. मग त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. "हा अर्धा. हा चौथा भाग. कुठला घेशील?"

ब्रुमलेने अर्धा उचलला आणि एका घासात तोंडात कोंबला. मुलं किंचाळली, कारण एगिल खरोखरच तो चावत होता, काकडीसकट.

"का घेतलास तो?"

"मोठा होता," राक्षस भरल्या तोंडाने म्हणाला.

"पण त्याच्याखाली दोन लिहितात. या दुसऱ्याखाली चार. तू तर चार मोठे म्हणतोस."

ब्रुमलेने चावणं थांबवलं. तो उरलेल्या तुकड्याकडे पाहत राहिला.

"अरे, चार म्हणजे चार जण खायला बसले," इल्वा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "एकाच पावाला चार जण. मग प्रत्येकाला कमीच येणार ना? जितके जास्त खाणारे, तितका तुकडा लहान. खालचा आकडा म्हणजे किती मिळालं ते नाही. किती जणांत वाटलं ते."

"मग," राक्षसाने हळूच विचारलं, "आठवा भाग मोठा की पाचवा?"

"पाचवा. घरात आठ पोरं असली तर तुझ्या वाट्याला..." ती थांबली. तिने मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिलं. डिसेंबरच्या परीक्षेत हाच प्रश्न होता. तिने आठवा भाग मोठा लिहिला होता, आणि शेजारी हिरव्या शाईत उमटलं होतं, पुन्हा विचार कर.

"एगिल, हे तू मुद्दाम विचारलंस."

"कोण एगिल?" राक्षस म्हणाला.

इल्वाचं तोंड आधी वाकडं झालं, मग हसायला फाकलं. "डिसेंबरात हा राक्षस मीच होते की," ती इतरांकडे वळून म्हणाली.

"मी पण," येपे म्हणाला.

"मी तर गेल्या आठवड्यापर्यंत होतो," बर्ट्रमने कबूल केलं.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. बोडिलला खालच्या मजल्यावर आरडाओरडा ऐकू आला होता. पाच मिनिटांनी नगरपालिकेची माणसं तिला भेटायला येणार होती आणि तिने त्यासाठी चांगलं जॅकेट घातलं होतं. तिने पडदे पाहिले, गाद्या पाहिल्या, आपला सगळ्यात शिस्तीचा शिक्षक कोट उलटा घालून हनुवटीला कलेजी फासून बसलेला पाहिला.

"काय चाललंय इथे?"

"तू जिवंत की मेलेली?" राक्षसाने विचारलं.

"मी मुख्याध्यापिका आहे."

"ते उत्तर झालं नाही."

"मेलेली म्हण," साहरा तिच्या कानाशी लागली. "नाहीतर तो बोटीत घेत नाही."

बोडिलने नऊ चेहऱ्यांकडे पाहिलं. मग आस्टाकडे पाहिलं. आस्टाने पाटी वर केली, "म्हण."

"मेलेली," बोडिल म्हणाली.

"कधीपासून?"

"हे वर्ष सुरू झालं तेव्हापासून."

आस्टा खुर्चीतून घसरली. बर्ट्रम मात्र कपाळाला आठ्या घालून बोटं मोजत होता. "बाराचा चौथा भाग तीन. एका फेरीत तीन जण. आम्ही नऊ, म्हणजे तीन फेऱ्यांत सुटलो असतो. तू आलीस म्हणून चौथी फेरी आली."

"तिच्या एकटीसाठी?" येपे म्हणाला.

"आस्टापण आहे. ती बोलत नाही म्हणजे मेलेलीच. दोघी शेवटी जा."

ब्रुमलेने नियमाच्या फळ्याकडे एकदा पाहिलं, इल्वाकडे एकदा पाहिलं, आणि फक्त तिघांना बोटीत घेतलं. बोट बुडाली नाही. निळ्या गाद्यांपलीकडे इल्वा, येपे आणि साहरा जिवंत झाले आणि इतके ओरडले की खाली आलेल्या नगरपालिकेच्या माणसांना वाटलं, शाळेने कुठला तरी सामना जिंकला. चौथ्या फेरीत बोडिल बूट काढून, मांडी घालून, जॅकेट सांभाळत बोटीत बसली. पलीकडे उतरताना तिने राक्षसाशी हात मिळवला, आणि मग बूट हातात घेऊनच जिना उतरली.

त्यानंतरच्या सोमवारी एगिलने अपूर्णांकांची छोटी चाचणी घेतली. चमत्कार वगैरे झाला नाही. दोन मुलांची अर्ध्याच्या वर उत्तरं चुकली. बर्ट्रमने साठाच्या पस्तीस टक्क्यांचं उत्तर पंच्याण्णव लिहिलं, कारण वाचवायला कुणी बुटका नव्हता. इल्वाचे दहातले सात बरोबर आले. येपेने सगळी उत्तरं बुटक्याच्या सहीने दिली. पण एक गोष्ट एगिलने वह्या तपासताना दोनदा उलटून पाहिली, कोऱ्या जागा नव्हत्या. नऊच्या नऊ मुलांनी प्रत्येक प्रश्नावर काही ना काही लिहिलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं. इल्वाने तर चुकलेल्या एका गणिताशेजारी लिहिलं होतं, "इथे ब्रुमले आहे, मला माहितीय, पण सापडत नाही." एगिलने हिरव्या पेनाने चूक दाखवली नाही. "वल्ह्याखाली बघ," एवढंच लिहिलं, आणि मग बराच वेळ एकटाच हसत बसला.

चौथ्या गुरुवारी आस्टाचा आवाज परत आला होता, जरा खरखरीत, पण आवाज होता. ती वर्गात आली आणि सूत्रधाराच्या खुर्चीकडे गेली. तिथे एगिल बसला होता. तो उठेना.

"अरे, माझी खुर्ची," ती म्हणाली.

"हो. देतो की." तो तरी उठेना. "आज त्यांना समुद्रात जायचंय. मी बोटीला शीड काढून ठेवलंय."

आस्टाने त्याच्याकडे पाहिलं, एक खुर्ची ओढली आणि मुलांच्या बाजूला बसली. "मी ड्रॅगन नाही होणार," तिने जाहीर केलं. "मी स्वयंपाकीण."

"बोटीवर काय काय आहे खायला?" येपेने लगेच विचारलं.

"थांब, आधी बोट निघू दे," साहरा म्हणाली. "एगिल, आपण फ्योर्डमधून पश्चिमेला बाहेर पडतोय. मार्च महिना आहे. वारा कुठून आहे?"

एगिलने तोंड उघडलं. टक्के येत होते, अपूर्णांक येत होते, पण मार्चमध्ये फ्योर्डच्या तोंडाशी वारा कुठून वाहतो ते त्याला माहीत नव्हतं. एक महिन्यापूर्वी त्याने विषय बदलला असता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

वर्गात कुतूहलाची लाट गेली. एगिलला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"मग कोणाला माहीत असेल?" इल्वाने विचारलं.

एगिल उठला, दार उघडलं आणि लांब कॉरिडॉरमध्ये हाक मारली. भूगोलाचा स्वेनिंग शेजारच्या वर्गात चहा पीत बसला होता. त्याचा तास मोकळा होता आणि त्याला कुणी काही विचारेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. तो दारात आला.

"मार्चमध्ये, फ्योर्डच्या तोंडाशी, वारा," एगिल म्हणाला. "लवकर सांग. अकरा माणसं बोटीत आहेत."

स्वेनिंगने कप खिडकीत ठेवला. नऊ मुलं त्याच्याकडे श्वास रोखून पाहत होती. त्याच्या भूगोलाच्या तासाला असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बहुतेक पश्चिमेकडून," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे तुमच्या थेट तोंडावर. पण भरतीची वेळ काय आहे, त्यावर आहे सगळं. आणि तिथे वाळूचे बांध असतात, दरवर्षी जागा बदलतात. तुमच्याकडे नकाशा कसला आहे, दाखवा बरं." त्याने टेबलावर वाकून पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे काय? ही खाडी अशी वळतच नाही. याच्या भरवशावर गेलात तर तासाभरात बोट फुटेल. थांबा. जाऊ नका कुठे."

तो धावत गेला आणि वर्गाएवढा लांब गुंडाळलेला नकाशा काखेत घेऊन परत आला. मागोमाग त्याचा कप घेऊन शाळेचा शिपाईही आला, काय चाललंय ते बघायला.

"सरका," स्वेनिंग बाह्या वर करत म्हणाला. "आता सांगा, कप्तान कोण आहे?"

नऊ हात वर झाले, आणि त्यांच्यामागून एगिलचा.